चमच्यांच्या स्टँडमधला आरसा

आरसा सापडला तो चमच्यांच्या स्टँडमध्ये. चहासाठी चमचा ओढला आणि त्याच्याबरोबर तोही वर आला. तीस मिलिमीटर रुंद, ऐंशी लांब, दीड जाड, स्टेनलेस स्टीलचा. मीच बनवलेला. बायकोने वापर झाल्यावर तो घासून पुसून चमच्यांत उभा केला होता. स्टीलचा आहे म्हणजे भांडंच, असा तिचा हिशेब असणार. तिने तो ठेवला तो रविवार होता आणि त्याच आठवड्यात गुरुवारी ती गेली. त्यानंतर मी आणि मुलगी त्या स्टँडमधून रोज चमचे घेत होतो. आरसा दिसला नाही. दिसला असेल तर लक्षात आला नाही.

मी चाकणच्या पट्ट्यातल्या एका कंपनीत टूलरूमला आहे. प्लास्टिकच्या पार्टचे साचे जुळवणं हे माझं काम. घर मोशीला. एकुलती मुलगी स्पीच थेरपीच्या दुसऱ्या वर्षाला. ज्यांना बोलायला अडतं, किंवा ज्यांची वाचा आजारात गेली आहे, त्यांना बोलायला शिकवायचं, असा तो कोर्स. तिने तो निवडला तेव्हा मी म्हणालो होतो, यात चार वर्षं शिकण्यासारखं काय आहे, बोलायला तर सगळ्यांनाच येतं. मग ती घरी मोठ्याने अभ्यास करू लागली आणि मला कळलं की मी बोलतो कसा हे मला माहीत नव्हतं.

तिच्या म्हणण्याप्रमाणे कुठल्याही व्यंजनाला तीन प्रश्न विचारायचे. हवा कुठे अडली, कशी अडली, आणि गळ्यातल्या पट्ट्या थरथरल्या की नाही. ‘बाबा, गळ्यावर बोटं ठेवा. नुसता स म्हणा, लांब. आता झाडातला झ.’ स ला काही नाही, झ ला बोटांखाली गुरगुर. चालू मशीनवर हात ठेवून बेअरिंग तपासतो तसं वाटलं. मग तिने माझ्या ओठांसमोर टिश्यू पेपरची पट्टी धरली. क म्हणताना पट्टी जागची हलली नाही, ख म्हणताना उडाली. बायको लसूण सोलत बघत होती. ‘बापाला वारा घालायलीस व्हय?’ ती म्हणाली. ‘घाल, घाल. कंपनीत त्याला कुणी घालत नाही.’

त्या सहामाहीत प्रत्येकीने एक प्रकल्प करायचा होता. एक माणूस निवडायचा, त्याच्याकडून आठ शब्द म्हणवून घ्यायचे आणि प्रत्येक वेळी जीभ टाळूला नेमकी कुठे लागते ते दाखवायचं. पद्धत अशी: पोटात घेतला तरी चालतो असा औषधाच्या दुकानातला कोळसा तेलात कालवायचा, ब्रशने जिभेला लावायचा, एकच शब्द एकदाच म्हणायचा, तोंड उघडायचं. आत आरसा घालून टाळूचा फोटो घ्यायचा. जीभ जिथे लागली तिथे टाळूवर काळं उठलेलं असतं.

मला हे दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. आम्ही दुसरं काय करतो? साच्याच्या एका भागाला निळा रंग पातळ लावायचा, दुसरा भाग त्यावर मिटायचा, उघडायचा. जिथे निळं उठलं तिथे लागतंय, जिथे नाही तिथे फट आहे. त्याप्रमाणे घासायचं आणि परत मिटायचं. माणसाच्या तोंडात हेच चालतं हे मला एवढ्या वयात मुलीकडून कळलं.

ती काचेच्या दुकानातून आरशाचा तुकडा कापून आणणार होती. काचेची कड कुणाच्या तोंडात घालायची नाही, असं मी सांगितलं. टूलरूमच्या भंगारात स्टीलची पट्टी होती, ती साहेबांना विचारून घेतली, कडा गोल केल्या आणि डायमंड पेस्टने घासून आरशासारखी केली. एका कडेला मिलिमीटरच्या खुणा कोरल्या, म्हणजे फोटोत माप आपोआप येईल. मुलगी म्हणाली, ‘बाबा, वर्गात कुणाकडेच असला नसेल.’

तिने आईला निवडलं. बायको मूळची लातूरकडची, लग्नाला बावीस वर्षं होऊनही बोलणं तिकडचंच. खिडकीपाशी स्टूल ठेवलं, आरसा गरम पाण्यात टाकला, नाहीतर श्वासाने धुरकटतो.

‘काय गं, आईच्या तोंडाला काळं फासायलीस?’

‘तोंडाला नाही, जिभेला. आ कर.’

‘काळ्या जिभेची म्हणतील मला. बोललेलं खरं होतंय बघ.’

‘मग बोल, मी पास होईन म्हणून.’

‘होशील की. त्याला काय लागतंय?’

शब्द होते हात, वाट, मान, माल, बाण, माळ, चव आणि चहा. असेच का, तर ह, म, ब, व म्हणताना जीभ टाळूला लागत नाही. त्यामुळे प्रत्येक शब्दात टाळूवर जो डाग पडेल तो एकाच अक्षराचा. ‘वाट’च्या वेळी बायकोला हसू आलं आणि डाग फिसकटला. चूळ भरून परत केलं. चार शब्द झाले तेव्हा कुकरच्या शिट्ट्या जास्त झाल्या. ‘बास आता,’ ती उठत म्हणाली. ‘भाताचा लगदा व्हायलाय. राहिलेलं येत्या रविवारी.’

गुरुवारी सकाळी मी कंपनीच्या बसमध्ये, कुरुळीच्या अलीकडे असताना मुलीचा फोन आला. मी दवाखान्यात पोहोचलो तेव्हा सगळं झालेलं होतं. डॉक्टरांनी हृदयाचं सांगितलं. तिला त्याआधी काही त्रास नव्हता, निदान आम्हाला ती बोलली नव्हती.

मला रडू आलं नाही. येईल म्हणून मी वाट बघत होतो, पाहुणे गेल्यावर येईल, तेरावं झाल्यावर येईल. मग कामावर गेलो. काम बरोबर झालं. एकही साचा परत आला नाही. कॅन्टीनमध्ये जेवण कसं होतं असं कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल आपलाच असतो, पण चावला गेला तरी कळत नाही, तसे दिवस होते. मुलगी घरी होती. डबा करायची, कपडे वाळत घालायची, कॉलेजला जायची नाही. आम्ही एकमेकांशी नीट वागत होतो. दूध आलं का, गॅस बंद केला का, एवढं बोलणं.

आरसा सापडला त्याच संध्याकाळी तिच्या मॅडमचा मला फोन आला. आवाजावरून चांगल्या बाई वाटल्या. म्हणाल्या, मुदत दिली आहे, ती या महिनाअखेरपर्यंत. प्रकल्प आला नाही तर तिला परीक्षेला बसता येणार नाही, वर्ष जाईल. मी विचारलं, आईचे चार शब्द झालेत, तेवढ्यावर घेता येईल का. ‘मला समजतंय हो. पण आठ शब्द, वक्ता एकच, हे सगळ्यांना सारखंच आहे. तिला दुसरं कुणीतरी घेऊन पहिल्यापासून करायला सांगा. एका दिवसाचं काम आहे.’

मी मुलीला सांगितलं. ती ‘हं’ म्हणाली आणि आत गेली.

दोन दिवसांनी मी कांदा चिरत होतो. ती हॉलमध्ये मैत्रिणीशी बोलत होती, फोन स्पीकरवर.

‘अगं, एवढं काय त्यात? चार तुझ्या आईचे आहेत ना, उरलेले चार तुझ्या बाबांचे घाल. कोण बघतंय?’

‘मॅडम बघतील.’

‘टाळू म्हणजे काय आधार कार्ड आहे? फोटोत नुसतं गुलाबी आणि काळं दिसतं. मी ज्याचे फोटो घेतले त्या माझ्या मामाचा टाळू आणि तुझ्या आईचा शेजारी ठेवला तर मॅडमना तरी कळेल का?’

मुलीने फोन ठेवला. ती ओट्याशी आली आणि उभी राहिली. मला कळलं की ती माझ्याकडून काहीतरी ऐकायला आली आहे. मी म्हणालो, ‘दोन पार्टची मापं तपासणीच्या एका कार्डावर लिहीत नाहीत. दोन्ही बरोबर असली तरी कार्ड खोटं होतं.’

‘म्हणजे आईचे टाकून द्यायचे?’

मी कांदा चिरत राहिलो.

‘सांगा ना. चार फोटो आहेत, बाबा. तिने म्हटलेले शेवटचे. ते टाकून तुमचे आठ लावायचे, तर मी पास. ते ठेवायचे, तर वर्ष जातंय. तुमच्या कार्डात याला काय लिहितात?’

डोळ्यांत पाणी आलं होतं पण ते कांद्याचं होतं. तिने पोळ्यांचा तवा तापत ठेवला.

दुसऱ्या दिवशी कामावर मी सवयीने मापाच्या खोलीशेजारच्या रॅकपाशी गेलो. आमच्याकडे तीन रॅक असतात. पास झालेलं पुढे जातं. फेल झालेलं लाल पेटीत, ते भंगारात जातं. तिसरा रॅक होल्डचा. ज्या पार्टबद्दल आज निर्णय होत नाही, त्याला पिवळा टॅग बांधून तिथे ठेवायचं. मोजणी अपुरी असेल, कागद अपुरा असेल, काहीही कारण. त्याला कुणी फेल म्हणत नाही आणि कुणी फेकत नाही. काही पार्ट तिथे वर्षानुवर्षं पडून आहेत. मी रोज तिथून जातो. मुलीने विचारलं तेव्हा आठवलं नव्हतं.

रविवारी मी सकाळी काही खाल्लं नाही. पाणी गरम केलं, आरसा त्यात टाकला, स्टूल खिडकीपाशी ओढलं आणि तिला हाक मारली.

‘आठही घे,’ मी म्हणालो. ‘पहिल्यापासून. कार्ड माझ्या नावाचं कर.’

‘आणि आईचे?’

‘ते होल्डला.’ मग मी तिला तो रॅक समजावून सांगितला. तिने मध्ये एकच विचारलं, होल्डवरचं पुढे कधी निघतं का. मी म्हणालो, कधी निघतं, कधी राहतं. पण जागा असते. ती आत जाऊन कोळशाची बाटली घेऊन आली.

कोळशाला काही चव नसते. तेल कोमट होतं. ब्रश मागे गेला की मला ओकारी यायची, आणि ती म्हणायची, ‘नाकाने श्वास घ्या, नाकाने.’ हात. चूळ. वाट. चूळ. ‘बाबा, शब्द म्हटल्यावर गिळू नका, डाग पुसतो.’ माळ म्हणताना जिभेचं टोक मागे वळतं आणि माल म्हणताना वळत नाही, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं. चव म्हणताना टोक दातांच्या मुळाशी असतं, चहा म्हणताना जीभ चपटी होऊन जरा मागे लागते. दोन्हीकडे लिहितो मात्र एकच ‘च’. लाळेचा काळा ओघळ माझ्या बनियनवर आला तेव्हा ती हसली, आईसारखं नाही, नुसता नाकातून हवा सुटल्याचा आवाज. कितीतरी दिवसांनी.

फोटो तिने लॅपटॉपवर लावले. मग मी न विचारताच तिने आईचे चार फोटो त्यांच्या शेजारी उघडले. माझा टाळू खोल, तिचा उथळ. तिच्या डाव्या बाजूची काढलेली दाढ, तिथे रिकामी जागा. हे फोटो मी त्याआधी पाहिले नव्हते. मी मापाच्या खुणा मोजल्या. ‘वाट’मध्ये माझा डाग पुढच्या दातांपासून अकरा मिलिमीटरवर सुरू होत होता, बायकोचा सातवर.

‘चार मिलिमीटरचा फरक आहे,’ मी म्हणालो. ‘चालतो का एवढा?’

‘चालतो. प्रत्येकाचं तोंड वेगळं असतं. दोन्ही ‘ट’च. ऐकणाऱ्याला कळत नाही.’

बावीस वर्षं ऐकलं. मला कळलं नव्हतं, हे खरं आहे.

तिने एक नवीन फोल्डर केला, त्याला ‘होल्ड’ नाव दिलं आणि चारही फोटो त्यात टाकले. प्रकल्पात वक्त्याच्या रकान्यात माझं वय, माझं गाव, माझी बोली लिहिली. प्रकल्प मुदतीत गेला. सोमवारपासून ती कॉलेजला जाऊ लागली, आरसा घेऊन, कारण वर्गातल्या दोघींना अजून फोटो घ्यायचे होते. तोंडी परीक्षेत मॅडमनी माप कसं घेतलं ते विचारलं, तिने खुणा दाखवल्या. पास झाली. तिने फोनवर सांगितलं तेव्हा मी ‘छान’ म्हणालो. आनंद झाला असावा. संध्याकाळी पेढे घेतले, शेजारी दिले. आरसा तिने परत आणला, घासला आणि चमच्यांत ठेवला.

परवा एका नव्या साच्याला निळं लावून तो मिटवला होता. प्रेस उघडेपर्यंत उभं राहायचं असतं. टूलरूममध्ये ग्राइंडर चालू होते, शेजारच्या माणसाचं बोलणंही ऐकू येत नव्हतं. मी ‘वाट’ म्हणून पाहिलं. जीभ अकरावर लागली. मग टोक थोडं पुढे आणलं, अंदाजाने सातवर, तिचं जिथे लागायचं तिथे, आणि परत म्हटलं. जागा चुकत होती. परत म्हटलं.

‘काय राव, काय पुटपुटताय?’ प्रेसवरचा ऑपरेटर माझ्या कानाशी येऊन ओरडला.

‘काही नाही,’ मी म्हणालो. ‘उघड प्रेस, कुठे लागतंय बघू.’