कॉलरच्या आत टाचलेली चिठ्ठी

त्या लाँड्रीत डाग काढायचं टेबल खिडकीला लागून होतं, कारण दिव्याच्या उजेडात डाग लपतात. त्या टेबलाशी एकवीस वर्षं जी बाई उभी होती, तिला गिऱ्हाइकं डागमावशी म्हणत. तिचं खरं नाव विचारायची वेळ कुणावर आली नव्हती. तिचा नवरा त्याच दुकानात मागच्या बाजूला इस्त्री करायचा. दोघं एकत्र यायची, एकत्र जायची, आणि दिवसभर मधल्या पडद्याआडून एकमेकांना टोमणे मारायची.

सकाळी ब्रश हातात घेण्याआधी ती डोळे मिटून क्षणभर देवाचं नाव घ्यायची. मग पहिला कपडा उचलायची, खिसे उलटे करायची, कॉलर नाकाशी न्यायची आणि कपडा उजेडात धरायची. एवढ्यावरून तिला माणूस कळायचा. कुणाची नोकरी सुटली, कुणाच्या घरात अबोला आहे, कोण डॉक्टरने बंद केलेलं चोरून खातं, सगळं. "माणूस खोटं बोलेल, कपडा नाही बोलणार," असं ती म्हणायची. पडद्याआडून नवरा म्हणायचा, "म्हणूनच तुझ्यासमोर मला उघडं बसावंसं वाटतं."

गिऱ्हाइकाला काही सांगायचं असलं तर ती तोंडाने सांगत नसे. तोंडाने सांगितलं की वाद होतो. ती चिठ्ठी लिहायची आणि कॉलरच्या आत टाचायची: 'डाग जुना आहे, पुरता निघाला नाही.' 'अस्तर आधीच फाटलेलं होतं.' चिठ्ठी घरी जाऊन उघडते, तिथे भांडायला समोर कोणी नसतं.

दोघांना एकच लेक होती. शाळेत बाईंनी प्रश्न विचारला की उत्तर येत असूनही ती मूग गिळून बसायची, म्हणून वर्गाने तिचं नाव मूगबाई पाडलं. ते नाव घरापर्यंत आलं आणि घरीच राहिलं. मधल्या सुट्टीत एकटी डबा खाणारी ती पोर मार्कांच्या जोरावर विद्यापीठात गेली, बसने दोन तास लांब, तिथल्या मुलींच्या होस्टेलवर राहायला. बापाने दुकानात पेढे वाटावेत तशी बातमी वाटली. आईला मात्र त्या दिवसापासून घोर लागला. पोर अभ्यासात बुडणार नाही हे तिला ठाऊक होतं. माणसांत बुडेल, ही भीती होती.

फोनवर रोज तेच चालायचं.

"मैत्रिणी झाल्या का गं?"

"झाल्या."

"कोण कोण?"

"आहेत."

"आहेत म्हणजे? माणसं आहेत की भुतं? नावगाव काही?"

"आई, तासाला उशीर होतोय."

दर दुसऱ्या शनिवारी लेक घरी यायची, सोबत मळलेल्या कपड्यांची बॅग. ती झोपली की आई बॅग उघडायची आणि गिऱ्हाइकाचे कपडे वाचावेत तसे लेकीचे कपडे वाचायची. पहिले चार महिने तिने जे वाचलं त्याने तिला जेवण जाईना. स्वेटरची कोपरं घासलेली, म्हणजे दिवसभर टेबलाशी. बाकी कपडा कोरा. चार पोरी एका टेबलावर बसल्या की एकीचा चहा दुसरीच्या बाहीवर उडतोच, एकीचा केस दुसरीच्या खांद्यावर सापडतोच. इथे काहीच नव्हतं. 'झाल्या' हे साफ खोटं होतं.

"पोर एकटी पडलीय," ती नवऱ्याला म्हणाली.

"तुला कोणी सांगितलं?"

"स्वेटरने."

"तू ना, सुतावरून स्वर्ग गाठतेस. आणि तिथेही देवाच्या धोतरावरचा डाग बघशील."

ती हसली नाही. देवाला मात्र रोज सांगत राहिली, की बाबा रे, तिला एक तरी माणूस दे.

पाचव्या महिन्यात बॅग जड झाली. उघडली तर आत परक्यांचे कपडे! एक निळं जाकीट, खिशापाशी शाईचा हा एवढा डाग. एक काळी पँट, लांबच लांब. वर लेकीचाच पिवळा शर्ट, पण खांद्यात ताणून सैल झालेला, जणू कुणी दांडग्याने घातला होता.

सकाळी चहा देताना तिने विचारलं, "ती पँट कोणाची गं?"

"माझीच."

"तुझी? तिच्यात तुझ्यासारख्या दीड मावतील."

लेक कपात बघत राहिली. "मैत्रिणीची आहे. जाकीटपण तिचंच. डाग निघत नव्हता, म्हटलं तुझ्याकडे आणते."

"आणि हात दाखव बघू."

लेकीने हात मागे घेतले, पण आईने बघायचं ते बघितलं होतं. बोटांची कातडी सोललेली. असे हात तिने जन्मभर बघितले होते, स्वतःच्याच मनगटापुढे.

"तिथेही धुतेस? लोकांचे?"

"थोडंफार."

"कोण सांगतं धुवायला?"

"कोणी नाही सांगत. आई, तू आता सुरू नको ना होऊ."

बस, आईच्या डोक्यात सगळं जुळलं. लाँड्रीवालीची मुलगी म्हणून त्या शहाण्या पोरींनी हिला हेरलं. तोंडावर गोड बोलतात, दारात कपडे टाकतात, वर हिचेच कपडे वापरून ताणून परत देतात. आणि ही मूग गिळून नळाशी बसते. मैत्रिणी म्हणे! धोबीण केलीय लेकीची.

डाग तिने काढलाच. कपडा कोणाचाही असो, डाग ठेवून परत करणं तिच्याने होत नसे. स्पिरिटचा बोळा फिरवून, खाली टीपकागद बदलत, दोन तासांत जाकीट नव्यासारखं केलं. मग सवयीने चिठ्ठ्यांचा गठ्ठा ओढला, आणि लिहिलं:

'ही मुलगी तुमची धोबीण नाही. हिच्या पाठीशी माणसं आहेत. – हिची आई.'

कॉलरच्या आत टाचली, जाकीट घडी करून बॅगेत तळाशी घातलं. नवऱ्याला सांगितलं नाही. रविवारी लेकीला बसमध्ये बसवून परतताना तिला फार दिवसांनी हलकं वाटलं.

सोमवारी फोन नाही. मंगळवारी नाही. बुधवारी दुपारी आला.

"आई, चिठ्ठी तू टाचलीस?"

"टाचली. का? झोंबली वाटतं?"

"तिने सगळ्यांसमोर उघडली. जेवणाच्या टेबलावर. तिला वाटलं मीच काहीतरी गमतीचं लिहिलंय, म्हणून मोठ्याने वाचायला लागली. मग उठून गेली. तीन दिवस बोलत नाहीये. कोणीच धड बोलत नाहीये."

"चोराच्या मनात चांदणं. खरं होतं म्हणूनच..."

"आई, तिथे माझी एकच मैत्रीण होती. एकच." मग अगदी शांतपणे, "मी घरी येतेय. कायमची. मला नाही राहायचं इथे."

फोन बंद झाला. पडद्यामागे इस्त्रीची वाफ थांबली होती. नवरा बाहेर आला. बायकोच्या चेहऱ्याकडे बघून त्याने त्या दिवशी पहिल्यांदा टोमणा मारला नाही. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "उद्या सकाळची पहिली बस पकड. आणि हे बघ, हात जोडून ये. कंबरेला पदर खोचून जाऊ नकोस."

बसमध्ये दोन तास ती मनात देवाचं नाव घेत होती, पण मधेमधे वकिली चालूच होती. चुकलं असेल माझं, पण त्या पोरी काही धुतल्या तांदळाच्या नसणार.

होस्टेलच्या फाटकातल्या बाईने तिला बाकावर बसवलं आणि निरोप वर पाठवला. पण कपडे धुण्याचा आवाज आला की डागमावशीचे पाय आपोआप तिकडे वळतात. इमारतीच्या मागे नळांची रांग होती, वर दोऱ्या. तिथे एक उंचच उंच मुलगी वाकून पांढऱ्या ओढणीवरचा अंड्याचा डाग घासत होती, शेजारी बादलीतून वाफा येत होत्या.

"अगं ए, गरम पाणी नको!" ती ओरडलीच. "अंड्याचा डाग गरम पाण्याने शिजतो. मग देव आला तरी निघत नाही."

मुलगी दचकून सरळ झाली. आणि आईला दिसलं, तिच्या अंगात पिवळा शर्ट होता. लेकीचा. खांदे ताणलेला.

"हा शर्ट कुठून आला तुझ्याकडे?"

मुलीने एकदा शर्टाकडे, एकदा बाईकडे बघितलं. "तुम्ही आई का तिची? चिठ्ठीवाल्या?"

"हो."

"तो तिनेच दिलाय. माझी काळी पँट तिच्याकडे असते, तिला वर्गापुढे बोलायचं होतं त्या दिवशी खालून दुमडून घातली होती तिने. घाबरून पायांचा थरकाप झाला की पँटीत दिसत नाही म्हणे."

"वर्गापुढे? कोण बोललं?"

"तुमचीच मुलगी. दहा मिनिटं."

आईचा विश्वास बसेना. ही पोरगी आपल्याला गुंडाळतेय असं वाटलं. "आणि तिचे हात? ते कोणाचे कपडे धुऊन सोलले?"

उंच मुलीने नळ बंद केला. "आमचे," ती म्हणाली. "पहिले काही महिने आम्ही तिच्या दारात कपडे ठेवायचो. ती काही म्हणायची नाही, म्हणून ठेवायचो. त्यात मी पण होते."

आईला वाटलं आता आपण बोलायचं, तोंडभरून. पण मुलगी थांबली नव्हती.

"मग एके दिवशी तिने सगळे कपडे न धुता दोरीवर टांगले. प्रत्येक डागाभोवती खडूने गोल. आणि म्हणाली, शिकवते, धुणार नाही. तेव्हापासून ती घरी गेलेली नसली की रविवारी सगळ्याजणी इथे असतो. तीच आम्हाला झापते. जाकिटावरची शाई तर तिच्याच पेनाची, ती माझ्या खिशात गळली, म्हणून तीच जाकीट घेऊन गेली होती तुमच्याकडे. तुमच्या चिठ्ठीतलं निम्मं खरं होतं, मावशी, आणि तेच सगळ्यांसमोर माझ्याच तोंडून वाचलं गेलं. मला वाटलं, अजून ती घरी जाऊन आमच्याबद्दल हेच सांगते."

"ती काही म्हणजे काही सांगत नाही," आई म्हणाली. "मी कपड्यांवरून ठरवलं." हे म्हणताना तिला स्वतःचाच आवाज कसनुसा वाटला. नवऱ्याचं ऐकून तिने हात जोडले. "माझं चुकलं गं पोरी."

"अहो, हात नका जोडू हो," मुलगी कावरीबावरी झाली.

तेवढ्यात लेक जिन्यावरून आली. हातात भरलेली बॅग. आईला त्या मुलीपुढे हात जोडून उभं बघितलं आणि तिचा चेहरा लाल झाला.

"तू इथे कशाला आलीस?"

"माफी मागायला."

"कोणी सांगितलं होतं? चिठ्ठी लिहायला तरी कोणी सांगितलं होतं?" लेक ओरडत होती. वरच्या तीन खिडक्या उघडल्या. एवढ्या वर्षांत आईने तिचा हा आवाज ऐकला नव्हता. "कपडा खोटं बोलत नाही म्हणतेस ना? म्हणून तू नेहमी कपड्यांना विचारतेस. मला नाही!"

"तुला विचारलं तर तू 'आहेत' म्हणतेस."

"कारण तू ऐकत नाहीस आई, तपासतेस!"

"आणि ही बॅग कुठे चालली?" उंच मुलीने मधेच विचारलं.

"घरी."

"वा! चार दिवस तोंड शिवून बसलीस आणि आता घरी? चिठ्ठीतलं तू सांगितलं नव्हतंस, एवढं एक वाक्य बोलायला काय झालं होतं तुला?"

"तू विचारलंस का? ताट टाकून गेलीस!"

"मग मागून यायचं! दहा जणींपुढे माझी शोभा झाली आणि तू आमटीत चमचा ढवळत बसलीस!"

"मला काय बोलावं सुचत नव्हतं!"

"वर्गापुढे बरं सुचतं!"

दोघी अशा जुंपल्या की आई नळाशी उभी आहे हे त्यांच्या लक्षातच राहिलं नाही. आई ऐकत होती. तिला सवयीने वाटलं, हे नाटक तर नसेल? पण लेकीचं बोट त्या मुलीच्या नाकासमोर नाचत होतं, आणि ती मुलगी ते बाजूला सारून उत्तर देत होती. धोबीण केलेल्या पोरीला कोणी असं भांडू देत नाही, आणि ती भांडतही नाही.

भांडण संपलं असं झालं नाही, फक्त उंच मुलगी "ती बॅग वर ठेवून ये आधी, मग बोलू," म्हणाली आणि ओढणी गार पाण्यात बुडवायला वळली. लेक जागची हलली नाही. मग बॅग तिने पायऱ्यांवर ठेवली आणि आईला सोडायला फाटकापर्यंत आली.

वाटेत आईच्या ओठांवर सतरा प्रश्न होते. ही मुलगी खरंच चांगली आहे का? बाकीच्या टोमणे मारतील का? कोण काय म्हणालं? ते सगळे तिने गिळले. फाटकाशी थांबली.

"एकच विचारू?"

"विचार."

"सुखात आहेस का गं इथे?"

नेहमीसारखं पटकन उत्तर आलं नाही. बस लांबून दिसायला लागली तरी लेक विचारच करत होती.

"कधी कधी," ती म्हणाली.

आईने मान हलवली. उंच मुलीवर तिचा अजून पुरता विश्वास बसला नव्हता, पण या दोन शब्दांवर बसला. ती बसमध्ये चढली, आणि खिडकीतून मागे वळून न बघता पुढे बघत बसली.