वेनचा जवाचा डबा

वेनला मी फसवलं. त्याने मला नाही. तीन आठवड्यांपूर्वी त्याच्या बायकोने, लिंडाने, कुंपणापलीकडून सांगितलं, "वेन गेला. झोपेतच." तेव्हा मनात पहिलं आलं ते हेच... खरं सांगायचं राहून गेलं.

इथे आयर्लंडमध्ये, ओंगारला आम्ही सहा वर्षं शेजारी. तो अमेरिकेतल्या युटाचा, मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचा. मी शून्यातून किराणा दुकान उभं केलेला, घासाघीस केल्याशिवाय कोथिंबीरही न घेणारा. पहिल्याच भेटीत त्याने आमचा चहा नाकारला. धर्मात चालत नाही म्हणाला. मी पेटलो. चहा नको म्हणजे माणूस नको, असंच आपण धरतो. पुढच्या शनिवारी तो भाजलेल्या जवाच्या पुडीचा डबा घेऊन दारात. "हा तुमच्याकडेच ठेवा. तुम्ही चहा प्या, मी हे पितो. पण एकत्र बसू."

गेल्या वर्षी पाडव्याच्या जेवणाला आमच्या मराठी मंडळाला हॉल मिळेना. वेनने त्यांच्या चर्चचा देऊ केला, फुकट. मी हात मिळवून हो म्हणालो आणि लगेच खटकलं : फुकट कोण देतं? दुकानात येणाऱ्या स्कॉट नावाच्या अमेरिकनाला विचारलं. तो हसला. "मॉर्मन? जपून हं. दहा बायका, कोर्टकचेऱ्या, दडपलेली प्रकरणं... आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे."

बायको म्हणाली, "अहो, रोज बघताय त्याला. बाकीच्या नऊ काय माळ्यावर ठेवल्यात?"

मी ऐकलं नाही. वेनला सांगितलं, त्या दहा बायकांच्या गोष्टी ऐकून मंडळ नको म्हणतंय. मंडळाला मी विचारलंच नव्हतं.

त्याने कप खाली ठेवला. "अनेक बायका करणं आमच्या चर्चने शंभरहून जास्त वर्षांपूर्वी बंद केलं. चुका आमच्याही आहेत. पण आमच्यातलं काही वाईट टीव्हीवर आलं, की तिकडे शेजारी माझ्याकडे त्याच नजरेने बघायचे. वाटलं होतं, इथे तरी मी नुसता वेन असेन..." मग त्याने मलाच धीर दिला. "इट्स ग्रँड, चालायचंच. मंडळापुढे तुम्ही तरी काय करणार?"

त्याच्या अंत्यविधीला मी तो हॉल पहिल्यांदा पाहिला. लिंडा म्हणाली, "तुमची माणसं इथे जेवलेली त्याला बघायची होती."

दुसऱ्या दिवशी स्कॉटला दुकानात अडवलं. "तुझ्या ओळखीचा एक तरी मॉर्मन आहे?"

"नाही... टीव्हीवर पाहिलंय."

मी त्याच्यावर गरजलो, हातातलं पनीर काढून घेतलं. पण त्याने नुसता टीव्हीच पाहिला होता. वेनला सहा वर्षं मी पाहत होतो.

डबा अजून आमच्या कपाटात चहाच्या डब्याशेजारी आहे, अर्धा भरलेला. बायको तो हलवू देत नाही. मंडळातल्या मंडळींनो, तुमच्या नावावर मी खोटं बोललो. पुढच्या सभेत लिंडाला बोलवा, तिच्यासमोर मला उभं करा आणि जाब विचारा.