काचेच्या इमारतीतलं फाटकं कापड

माझ्या हातून आयुष्यात फार नुकसान झालं नाही. पण एकदा जे झालं, ते चहा पिताना आठवलं तर अजून कप खाली ठेवावा लागतो. तुम्ही तुमचा घ्या, गार होईल. मला भरभर सांगता येत नाही.

मी मिलमधला माणूस. एकतीस वर्षं विणाई खात्यात, एकाच मागावर. शाळा दोन यत्ता. अक्षर जेमतेम वाचतो, आकडा मात्र दुरून ओळखतो. मिल बंद झाली तेव्हा या दोन हातांना दुसरं काही येत नव्हतं. चार-पाच वर्षं अशीच गेली. घरची लोकांच्या घरी पापड लाटायला जायची, आणि मी घरी बसून तिची वाट बघायचो. मग सुदामा नगरातल्या आमच्या गल्लीतले तिवारीजी एक दिवस म्हणाले, "वानखेडेजी, हमारी बिल्डिंग में आ जाओ." तिवारीजी तिथे सुपरवायझर.

काम काय, तर खालच्या मोठ्या लॉबीत उभं राहायचं, दार उघडायचं, आणि सगळं ठीकठाक आहे ना, ते बघायचं. उभं राहायचं मला काय जड? आमचे आजोबा महूला पलटणीत होते. पण महिनाभर नोकरी कच्ची. महिना संपला की इमारतीचे मालक सेठजी स्वतः बघणार. आवडलं तर पक्की, नाही तर घरी.

इमारत अठरा मजली, सगळी काचेची. तेव्हा इंदूरमध्ये एवढं उंच दुसरं काही नव्हतं, लोक स्कूटर थांबवून वर बघत. आतली फरशी अशी, की आपलेच बूट खालून आपल्याला भेटायला येतात. छताला एक दिवा दिसायचा नाही, पण उजेड सगळीकडे. लिफ्टसुद्धा काचेची, आतला माणूस बरणीतल्या लोणच्यासारखा वर जाताना दिसायचा. आणि भिंतीवर एक भलंमोठं घड्याळ. त्यावर आकडेच नव्हते. नुसते दोन काटे. मला जी एक गोष्ट वाचता येते, तीच नेमकी काढून टाकलेली.

पहिल्याच आठवड्यात मी तिवारीजींना हळूच म्हणालो, "त्या भिंतीचा गिलावा राहिलाय. वरचे पाइपही झाकले नाहीत. ठेकेदार पळाला का?"

तिवारीजी पोट धरून हसले. "अरे भिया, वो डिझाइन है. ऐसा ही रहेगा."

ही डिझाइन करणाऱ्या रेवती मॅडम, पुण्याच्या. स्वभावाने चांगल्या, मला काका म्हणायच्या. मी मनाशी ठरवलं, सिमेंटातलं आपल्याला कळत नाही, गप्प राहायचं.

महिन्याचा शेवटचा दिवस आला. चार वाजता सेठजी येणार होते, बरोबर फ्लॅट घेणारी बडी मंडळी. सकाळी डबा देताना घरची म्हणाली, "आज कशाला हात लावू नका. काही दुरुस्त करू नका. नुस्तं उभं राहा."

"मी कधी काय दुरुस्त करतो?"

"परवा शेजारणीची चांगली चाललेली शिलाई मशीन कुणी खोलली?"

मी डबा घेतला आणि निघालो.

लॉबीत पाऊल टाकलं आणि पाहतो तर काय, मधल्या भिंतीवर आदल्या संध्याकाळी एक कापड टांगलेलं. दोन माणसं उंच, लांबरुंद, वर दांडीला अडकवलेलं, खाली मोकळं. खाली पितळेची पट्टी, तिच्यावर इंग्रजीत काहीतरी. मी कापडाजवळ गेलो आणि माझे पायच थांबले. कोरं मिलचं कापड. आणि बरोब्बर छातीच्या उंचीला दोन वीत लांब उभी फट. उभे धागे तुटलेले, आडवे धागे दाढीसारखे लोंबतायत.

आता तुम्हीच सांगा. सिमेंटातलं मला कळत नसेल, पण कापडातलं?

"तिवारीजी," मी म्हणालो, "मॅडमना कुणीतरी फसवलंय. हा फॉल्टचा माल आहे. ज्याने विणलं तो पक्का गाढव होता. धागे तुटतायत आणि हा माग चालवतोच आहे."

"डिझाइन होगा," तिवारीजी फोनवर हात ठेवून म्हणाले.

"तुटलेला धागा डिझाइन कसा असेल? असल्या गधड्याला खात्यात उभं करू नये."

त्यांचं लक्ष नव्हतं. मॅडम वरच्या मजल्यावर. चार वाजता सेठजी आले आणि बड्या लोकांसमोर ही फट दिसली, तर सेठ पहिलं कुणाला विचारणार? लॉबीत कोण उभं असतं? माझी नोकरी त्या फटीतून खाली पडताना मला दिसली.

घरची काय म्हणाली ते आठवत होतं. पण खिशात जुनी छोटी कात्री आणि सुई होती. मिल गेली, तरी खिशातून ती गेली नव्हती.

मग काय. कडेचेच धागे काढून घेतले, एकेक उभा धागा जोडला, विणकराची गाठ मारली, आडवे धागे वर-खाली घालून बसवले. किती वेळ गेला ते त्या बिनआकड्याच्या घड्याळाला माहीत. पण सांगतो, काम असं झालं की फट कुठे होती ते मलाही शोधावं लागलं. मी दोन पावलं मागे सरलो, कमरेवर हात ठेवला आणि म्हटलं, आज सेठ खूश.

तेवढ्यात लिफ्टमधून मॅडम उतरल्या.

त्या कापडासमोर आल्या, एक बोट त्या जागेवर ठेवलं आणि हळूच खाली फरशीवर बसल्या.

"काका, ती फट कुठे गेली?"

"दुरुस्त केली, मॅडम. कळणारसुद्धा नाही."

"काका, ती फट होती म्हणून हे कापड घेतलं. या शहरातल्या बंद मिलचं शेवटचं कापड म्हणून. खाली पट्टीवर लिहिलंय. सेठजी पाहुण्यांना तेच दाखवणार आहेत."

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. "किती वाजले, मॅडम?"

"तीनला पाच कमी."

तिवारीजी धावत आले, त्यांनी कापड बघितलं, मला बघितलं आणि डोक्याला हात लावला. "वानखेडेजी, मैंने आपको लगवाया है यहाँ. मेरी भी जाएगी."

"उसवतो," मी म्हणालो. गाठी कापल्या. पण फट झाली ती कशी, तर शिंप्याने काजं करावीत तशी सरळ, नीटनेटकी.

मॅडम म्हणाल्या, "असं नाही काका. हे कापलेलं दिसतंय. आपोआप तुटल्यासारखं पाहिजे."

पुन्हा प्रयत्न केला. बोटं ऐकेनात. एक धागा तोडला की दुसरं बोट आपोआप गाठ मारायला जायचं. एकतीस वर्षं फॉल्ट काढायची सवय, आता फॉल्ट घालायचा कसा?

"साडेतीन," तिवारीजी दारातून म्हणाले.

मूळ धागे कसे तुटले असतील ते मागून बघावं म्हणून मी कापडाची खालची कड उलटी केली. कोपऱ्यात मिलचा शिक्का होता, आणि शाईने मागाचा नंबर. दोनशे चौदा.

मी तो आकडा तीनदा वाचला. आकडा मला नीट वाचता येतो.

तो माझा माग होता.

आणि मग सगळं आठवलं. त्या दुपारी कुणीतरी ओरडत आलं होतं, गेटवर मिल बंदची नोटीस लागली म्हणून. एकतीस वर्षांत चालता माग सोडून मी कधी गेलो नव्हतो, त्या दिवशी गेलो. परत आलो तेव्हा धागे तुटलेले आणि माग तसाच खडखडत चाललेला.

"काका, काय झालं?" मॅडमनी विचारलं.

"काही नाही. आता जमेल."

मी डोळे कापडावरून काढले. काचेच्या दाराकडे बघत राहिलो, जसा त्या दिवशी गेटकडे बघत होतो, आणि बोटं मोकळी सोडली. न बघता धागे ओढत गेलो. थोड्या वेळाने मॅडमनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बस, काका. हेच."

दारात गाडी थांबली.

सेठजी आले, मागे पाच-सहा बडी मंडळी. मॅडम समजावून सांगत होत्या, मी दारापाशी ताठ उभा. घाम मानेवरून सदऱ्यात. सेठजी त्या फटीसमोर बराच वेळ थांबले. मग म्हणाले, "क्या बात है. पता नहीं किसने बुना होगा."

आणि आमचे तिवारीजी, मोठ्या प्रेमाने: "सेठजी, इनसे पूछिए. मिल के आदमी हैं. सुबह से बुनने वाले को गधा बोल रहे हैं."

सगळे माझ्याकडे वळले.

"अच्छा?" सेठजी म्हणाले. "पहचानते हो उसको?"

खोटं मला बोलता येत नाही. "जी. जानता हूँ."

"अब कहाँ है?"

"यहीं है, सेठजी. आपकी लॉबी में खड़ा रहता है. महीना आज पूरा हुआ उसका."

सेठजींनी कापडाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मॅडम तोंडावर रुमाल धरून उभ्या. "आदमी कैसा है?" सेठजींनी विचारलं.

मी खाली मान घातली आणि म्हणालो, "काम का पक्का है, सेठजी. बस कपड़े से दूर रखना."

नोकरी पक्की झाली. संध्याकाळी घरचीने विचारलं, "काही दुरुस्त तर नाही ना केलं?"

मी म्हटलं, "नाही. होतं तसं फाडून आलो."