मधला दिवा

आमच्या अकोल्यातल्या ताहेरभाईंचा एकच बाणा, डायरेक्ट. फ्यूज उडाला की जाड तार, पंपाचा स्टार्टर रुसला की डायरेक्ट. मधे काही ठेवायचं म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठी पडते.

फक्त सख्ख्या भावाशी त्यांचं काहीच डायरेक्ट नाही. वडिलांच्या विजेच्या सामानाच्या दुकानाची वाटणी झाली, मधे प्लायवूडची भिंत आली आणि उसामाशी बोलणं बंद झालं. भिंतीतून एकमेकांचा खोकला ऐकू येतो, पण निरोप मात्र ताहेरभाईंची बायको सितारा बाहेरून वळसा घालून पोचवते. त्यातल्या शिव्या ती वाटेतच गाळते, म्हणून ही दोन थोर घरं टिकून आहेत. माझं चपलांचं दुकान समोरच, त्यामुळे हा खेळ मला फुकटात.

यंदा ताहेरभाईंनी जाहीर केलं की लेक जेबाच्या लग्नातला पलंग स्वतः बांधलेल्या नक्षीयंत्रावर कोरणार. परतवाड्याहून सागवान आलं, व्याह्यांपुढे फुशारकी मारून झाली. मोटर चालवणारा ड्रायव्हर, म्हणजे तिला वीज सोडणारा डबा, उसामाच्याच दुकानातून आला, अर्थात सिताराच्या हस्ते. ड्रायव्हरचं इनपुट पाच व्होल्टचं आणि त्याला हुकूम देणारा कंट्रोलर चोवीसचा. आमच्या विद्वानांनी तार जोडली डायरेक्ट. मोटर जरा कण्हली आणि गप्प झाली. लग्न तर तोंडावर आलेलं.

"सांग तुह्या देवराले, भंगार इकून राह्यला म्हणा!" ताहेरभाई बायकोवर कडाडले.

सितारा वळसा घालून गेली. "उसामाभाई, ते विचारून राह्यले, मोटर काहून चालत नाही?"

उसामा भिंतीकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाला, "भाभी, त्या इनपुटच्या आत इवलासा दिवा असते. इकडली वीज तिकडे जातच नाही, फक्त उजेड जाते. म्हणून तिकडचा झटका इकडे बसत नाही. पण चोवीस व्होल्ट द्याचे तर आधी रेझिस्टर लावा लागते, जोर कमी कराले. त्या शहाण्यानं डायरेक्ट देला असन. दिवाच जळला!"

सितारा तिथल्या स्टुलावर बसली. निरोप घेऊन निघालीच नाही. भिंतीपलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "इतके वर्स तुमच्या दोघांच्या मधात मी जळून राह्यली. मले कोनं रेझिस्टर लावला?"

खोटं कशाला बोलू, मी गिऱ्हाईक सोडून दुकानाच्या पायरीवर आलो.

थोड्या वेळानं ताहेरभाई स्वतः वळसा घालून आले आणि भावापुढे हात पसरून म्हणाले, "दे रेझिस्टर."

रेझिस्टरसोबत नवा ड्रायव्हरही मिळाला आणि पलंग वेळेवर झाला. प्लायवूडला आता खिडकी पाडली आहे आणि दोघं तिच्यातून रोज कचाकचा भांडतात. सितारा मात्र आता निरोपासाठी उठत नाही.