शेंगोळ्यांचा भाग आणि अण्णांची जादा प्रत

दोष अण्णांचा. अण्णा म्हणजे माझे सख्खे वडील. आता काय सांगू तुम्हाला, या किश्श्यात पुढं मी कितीही येडा दिसलो तरी हे पहिलं वाक्य डोक्यात ठेवा!

अण्णा पंचायत समितीतून हेडक्लार्क म्हणून रिटायर झाले. ऑफिस सुटलं, क्लार्क काही सुटला नाही. घरात लाइटबिलाच्या तीन-तीन झेरॉक्स असतात. माझ्या दहावीच्या मार्कशीटच्या अकरा. डिप्लोमा मी दुसऱ्या वर्षाला सोडला, त्यामुळं पुढच्या मार्कशीटच नाहीत. तर त्या फाइलीतली रिकामी जागा ते पाहुण्यांना उघडून दाखवतात! असा बाप कुणाला असतो का?

मी नागापूरच्या एमआयडीसीत एका वर्कशॉपला लागलो आणि पहिल्या बोनसमधून रेकॉर्डिंगची पेटी घरी आणली. सेट-टॉप बॉक्सच, पण कार्यक्रम साठवून ठेवणारा. मला मॅच बघायच्या होत्या. पण रिमोट पडला अण्णांच्या हातात.

अण्णांची एक मालिका आहे. सासू, सून, आणि विहिरीत ढकललेली, पण मरायला तयार नसलेली धाकटी जाऊ. संध्याकाळी साडेसातला लागते. तोच भाग पुन्हा रात्री अकराला, सकाळी आठला आणि दुपारी दोनला. अण्णांनी काय करावं? अख्ख्या मालिकेवर लाल बटण दाबलं. पेटी बिचारी इमानदार. रोज चारही वेळा तोच भाग भरून घ्यायला लागली.

"अण्णा, एकच भाग चारदा कशाला?"

"एक मूळ प्रत. एक स्थळप्रत. एक वरिष्ठांना."

"वरिष्ठ कोण?"

"तुझी आई."

"आणि चौथी?"

"जादा असावी. उद्या कुणी मागितली तर?"

कोण मागणार? कलेक्टर?

महिन्याभरात पेटी गच्च भरली. एका मॅचच्या शेवटच्या दोन ओव्हर राहिल्या आणि रेकॉर्डिंग तिथंच कापलं गेलं. का? जागा नाही! त्या जाऊबाईला चौथ्यांदा विहिरीतून वर काढायचं होतं ना!

आणि नेमकी तेव्हाच आईची भानगड निघाली.

माझी आई तिसगावची. लग्नाला तीस वर्षं झाली. अण्णांच्या एवढ्या फाइली, पण तिचं नाव कुठं? तर रेशन कार्डावर, दुसऱ्या ओळीत. बस्स. तर एका छोट्या वाहिनीचे लोक नगरला आले होते, सुगरणी शोधायला. आई डब्यात हुलग्याचे शेंगोळे, म्हणजे पिठाची रश्शात शिजवलेली कडबोळी, घेऊन गेली. त्यांनी चाखले, पुन्हा मागून घेतले, आणि पंधरा दिवसांनी तिला पुण्याला बोलावून अर्ध्या तासाचा भाग शूट केला. लागणार कधी? बुधवारी दुपारी एक वाजता.

आणि बुधवारीच मामाच्या पोरीचं लग्न, तिसगावला. मुहूर्त साडेबाराचा!

"एकला मामाच्या घरी जाऊन टीव्हीवर बघू," मी म्हणालो.

"भाचीवर अक्षता टाकायच्या का टीव्हीपुढं बसायचं? काय बोलतो सुम्या! तू रेकॉर्ड कर. रविवारी समद्यांना बोलावते. मोठ्या टीव्हीवर बघू."

आणि तिनं खरंच बोलावलं. पस्तीस माणसं.

आता माझ्यातला इंजिनियर जागा झाला. अर्धवट का होईना, दोन वर्षं शिकलोय ना! मी पेटीच्या सेटिंगमध्ये घुसलो. तिथं एक पर्याय होता: फक्त नवीन भाग घ्या, पुनःप्रक्षेपण वगळा. तो चालू केला. मग जुन्या प्रती उडवायला बसलो. अण्णा शेजारी उभे राहून असे बघत होते, जणू मी ऑफिसला आग लावलीय.

पण जमलं की हो! दुसऱ्या दिवसापासून मालिकेचा रोज एकच भाग. पेटीत ही मोकळी जागा! मी घरात कॉलर वर करून फिरायला लागलो.

तरी मी म्हटलं, आईचं काम आहे, रिस्क नको. म्हणून मंगळवारी ट्रायल घेतली. तोच पाककृतींचा कार्यक्रम, तीच वेळ. संध्याकाळी लावून बघितलं. कुणी बाई पडवळाची भाजी करत होत्या. एकदम स्वच्छ रेकॉर्डिंग.

बुधवारी निघायच्या आधी सहज यादी बघितली, तर आईच्या कार्यक्रमाच्या दोन नोंदी! एक माझी. दुसरी कुणीतरी हातानं वेळ घालून केलेली. एक ते दीड.

"अण्णा! हे काय?"

"जादा प्रत."

"अहो, पुन्हा तेच? एकदा रेकॉर्ड होतंय ना!"

"असू दे की. तुझं काय खातंय?"

"जग कुठं गेलं आणि तुम्ही अजून कार्बन पेपरातच! तुमच्यासारख्या माणसांमुळं ही ऑफिसं अशी चालतात!"

हे मी आईसमोर बोललो. आणि अण्णांची नोंद पुसून टाकली. पटकन. बटण दाबताना केवढा आनंद झाला म्हणून सांगू!

लग्न झोकात झालं. एक वाजता आम्ही पंगतीला होतो. आईनं कार्यालयातल्या घड्याळाकडं बघितलं, हातातला घास ताटात ठेवला आणि पदर सारखा केला. जणू तिला आत्ता सगळीकडून लोक बघतायत.

"सुरू झालं असंल," ती हळूच म्हणाली.

घरी आल्यावर मी रिमोट उचलला, तर तिनं हिसकावून घेतला. "रविवारी! समद्यांबरोबर. आधी कुणी बघायचं न्हाई."

रविवार उजाडला. काष्टीहून आत्या आली, तिसगावहून मामा आला, शेजारच्या शकीलाचाची आल्या. कॉलनीतून सतरंज्या गोळा केल्या. आईनं शूटिंगच्या दिवशीचीच साडी नेसली होती, म्हणजे लोकांना ओळखू यावं! अण्णांनी "आजचा हा छोटेखानी समारंभ" असं सुरू करून दहा मिनिटं भाषण ठोकलं. मग मी, हिरो, पुढं झालो. यादीत कार्यक्रमाचं नाव होतं. दाबलं.

पडद्यावर बाई आल्या. पडवळ चिरायला लागल्या.

"अगं बया वैनी, टीव्हीत तू लई जाड दिसती गं!" आत्या ओरडली. चष्मा काष्टीला विसरली होती.

"आत्या, ती आई नाहीये."

"मग कोन हाय?"

मी घाईघाईनं पुन्हा यादी उघडली. मागं गेलो, पुढं गेलो. बुधवार गायब! शेवटी एका कोपऱ्यात बारीक अक्षरात एक सूचना दिसली. ती अण्णांनी चष्मा चढवून, ऑफिसचं परिपत्रक वाचतात तशी सगळ्यांसमोर वाचली.

"'सदर कार्यक्रम आधीच रेकॉर्ड झाला आहे. पुनःप्रक्षेपण वगळले.'"

झालं होतं असं. पेटीला काही डोळे नसतात. ती कार्यक्रमाचं नाव आणि खालची दोन ओळींची माहिती वाचते. मालिकेची माहिती रोज बदलते, म्हणून तिथं जमलं. पण या वाहिनीतला कुणी आळशी माणूस रोज त्याच दोन ओळी चिकटवतो: घराघरांतल्या सुगरणींच्या खास पाककृती. मंगळवारी मी ट्रायल घेतली. बुधवारी पेटीनं त्याच ओळी बघितल्या आणि म्हणाली, हे तर कालचंच! पेटीच्या लेखी माझी आई म्हणजे कालची पडवळाची भाजी!

ट्रायल घेतली नसती तर सगळं सुरळीत झालं असतं. कळतंय ना?

"बरं," अण्णा शांतपणे म्हणाले. "माझी एक ते दीडची नोंद लाव मग. ती वेळेवर चालती. तिला काय वाचायचं नसतं."

पस्तीस माणसं माझ्याकडं बघायला लागली.

"ती... मी पुसली."

अण्णा ओरडले नाहीत. फाइलीचा विषयही काढला नाही. नुसता चष्मा काढून पुसत बसले. आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, या माणसानं मला दोन शिव्या द्याव्यात!

आई उठून स्वयंपाकघरात गेली. मी म्हटलं, रडायला गेली. आता मेलोच.

आणि ती बाहेर आली ती परात घेऊन! काखेत हुलग्याच्या पिठाचा डबा. पदर खोचला, टीव्हीच्या बरोबर पुढं उभी राहिली.

"बंद कर रे ते पडवळ," मला म्हणाली. मग लोकांकडं वळून, "नमस्कार! आज मी तुमाला दाखवनार हाय, हुलग्याचे शेंगोळे!"

मग टाळ्यांचा असा कडकडाट झाला की विचारू नका. मामानं लाटणं उचललं, माईकसारखं तिच्या तोंडापुढं धरलं.

"ताई, हा पदार्थ आपण कुणाकडून शिकलात?"

"तुज्याच आईकडून की रे, गाढवा!"

शकीलाचाचींनी बुधवारी त्यांच्या घरी तो भाग बघितला होता. त्या मध्येच उठल्या. "भाभी, गलत! इथं तुम्ही आधी हसल्या होत्या, मग लसूण टाकला."

"व्हय का? बरं, परत घेऊ."

मी आशेनं विचारलं, "चाची, मोबाईलमध्ये शूट नाही केलं?"

"अरे, मी तोंड उघडं टाकून बघत होते! मोबाईल कुणाला सुचतो?"

मग काष्टीची आत्या ओरडली, "जाहिराती लागल्या! च्या टाका!" आणि च्या झाला. टीव्हीवरचा भाग अर्ध्या तासाचा होता, आमचा दोन तास चालला. पातेलं तीनदा चढलं. अण्णांनी लसूण सोलला, लग्नानंतर पहिल्यांदाच बहुतेक. खरं सांगतो, घरात एवढा दंगा मी कधी बघितला नव्हता. आई तर हसून हसून खाली बसली.

सगळे गेल्यावर ती पाय पसरून म्हणाली, "लई मजा आली. पन मला ते टीव्हीतलं बघायचंय, सुम्या. मी कशी दिसती ते."

त्या छोट्या वाहिनीचं ना ॲप, ना कुठं जुने भाग. फोन केला. तिकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "रिपीट होतो सर, पण कधी ते सांगता येणार नाही."

अण्णांनी त्याच दिवशी आदेश काढला. पेटीनं रोजचा भाग घ्यायचा, काहीही वगळायचं नाही. शिवाय पेटीवर विसंबायचं नाही, समोर मोबाईल घेऊन माणूस बसवायचा.

"कुठला माणूस?" मी विचारलं.

आई आणि अण्णा दोघंही माझ्याकडं बघत होते.

पहिल्या पाळीला असताना दुपारी एकला घरी कसं बसणार? म्हणून साहेबांच्या हातापाया पडून दुसरी पाळी घेतली. पडवळाची भाजी आत्तापर्यंत तीनदा लागली, शेंगोळे एकदाही नाहीत. माझ्या त्र्याहत्तर दुपारी गेल्या.