दळवीकाकांचा खांदा

हसू नका हं, आधी ऐकून घ्या. मी आजारी माणसांकडे घरी जाते. अंग आखडू नये म्हणून त्यांचे हातपाय हलवून घेणं हे माझं रोजचं काम. पण गोरेगावात दळवीकाकांकडे मी जी माती खाल्ली ना, तशी कोणी खाल्ली नसेल!

काकांचा हात मोडला होता. प्लास्टर निघालं, पण खांदा गंजलेल्या कडीसारखा. हात छातीच्या वर जाईना. डॉक्टरांनी बजावलेलं, रोज वर न्यायचा, नाहीतर कायमचा आखडेल. आणि काका? "ह्यो माझो हात आसा गो, लिफ्ट न्हय!" म्हणायचे आणि भिंतीकडे तोंड फिरवायचे.

घरात बसून कंटाळत असतील, असं वाटलं मला. म्हणून गेटबाहेर खुर्ची टाकून बसवलं त्यांना. शेजारी उभी राहिले. "काका, मी करते तसंच करा. हात... वर!"

खर्रकन रिक्षा थांबली.

"किधर?"

"कहीं नहीं, भैया. एक्सरसाइज है."

तो कपाळावर हात मारून गेला. पुन्हा हात वर. दुसरी रिक्षा! एरवी गरजेला एक तरी थांबते का हो? तिसऱ्याने विचारलं, तेव्हा काकाच पुढे सरसावले.

"कणकवली. मीटरान येतलंस?"

झालं! तो खाली उतरला. "टाइमपास करते हो क्या?" मागे बस अडकली. हॉर्नवर हॉर्न. वॉचमन शिट्टी फुंकत धावला. वरून सेक्रेटरी ओरडले, "अहो बाई, ही सोसायटी आहे की रिक्षास्टँड?"

माझी तर वाटच लागली. घाबरून काकांकडे बघते तर काय! हसून हसून डोळ्यांत पाणी, आणि पुढची रिक्षा थांबवायला वर नेलेला हात थेट कानाला टेकलेला!

दुसऱ्या दिवसापासून काका घरात बोटही हलवेनात. "गेटार चल गो!" मग काय, रोज गेटवर. खांदा सुटत गेला. काकांची सून खूश, मला गरम घावणे. मी तर हवेतच!

परवा काम आटपलं. मालाडला बहिणीकडे पोचायचं होतं आणि उशीर झालेला. गेटवर येऊन हात वर केला. एक रिक्षा गेली. दुसरी गेली. मी रस्त्यात पुढे जाऊन दोन्ही हात हलवले. तिसरीवाला जरा हळू झाला. म्हटलं, देव पावला!

त्याने मान बाहेर काढली, मला नीट न्याहाळलं आणि म्हणाला, "बहुत अच्छा, मॅडम. थोडा और ऊपर!"

आणि सुसाट निघून गेला.