भिजवलेलं पीठ

मुलुंडच्या आमच्या वाचनालयात फाटकी पुस्तकं शिवायला एक बाइंडर यायचा. खिडकीखाली बसून सुईत दोरा ओवायचा आणि शिवण्याआधी प्रत्येक पुस्तकाची चार पानं तरी वाचायचा.

एकदा त्याच्या मांडीवर मी नुकतीच परत केलेली कादंबरी होती. युद्धात सैनिक एक अख्खं गाव मालगाडीत कोंबून परमुलखात नेतात, त्याची ती गोष्ट.

"ही वाचून मी देवाचे आभार मानले," मी म्हणाले. "आपल्यावर अशी वेळ आली नाही."

त्याने एका ओळीवर बोट ठेवलं. त्यातली बाई भिजवलेलं पीठ तसंच उचलून घराबाहेर पडते.

"माझ्या आईने पण पिठाची परात डोक्यावर घेतली होती, मॅडम. घाटकोपरला आमची झोपडी तोडली तेव्हा. ट्रकमध्ये भरून आम्हाला पार खाडीपलीकडे सोडलं. पीठ आंबलं होतं, तरी तिने त्याच्याच चपात्या लाटल्या."

तो खालमानेने टाके घालत राहिला.

"आभार मी पण मानले," तो म्हणाला, "पण लिहिणाऱ्याचे. त्या बाईचं पीठ कुणाला तरी लिहावंसं वाटलं. आमच्या वेळी पेपरात नुसतं 'अतिक्रमण हटवलं' एवढंच आलं."

आता वाचनालय फाटकी पुस्तकं रद्दीत देतं, त्यामुळे तो येत नाही. कादंबरीतल्या त्या परक्या बाईचं नाव मला अजून पाठ आहे. याच्या आईचं सोडाच, याचंही नाव मी कधी विचारलं नाही.